हाताला अक्कल नसते, म्हणे!

“अभ्यास कर, नाहीतर पराट्या उपटत बसशील.” वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात वाढलेल्या पोट्ट्यानं ही धमकी ऐकली नाही, असं होत नाही. घोराड असो, केळझर असो, हिंगणी असो की सिंदी रेल्वे, बाप वावरात राबणारा असो की तहसीलीत कारकून, शब्द तेच. धमकी म्हणून मला तिच्याबद्दल तक्रार नाही. कापसाच्या भावानं ज्याला वर्षानुवर्षं रडवलं, त्यानं पोराला शेतीचा धाक घातला तर त्याला नावं कोणी ठेवायची? पण अलीकडे ही धमकी शास्त्राचा आव आणून बोलू लागली आहे. तिथं मात्र गप्प बसवत नाही.

दहावी-बारावीचे निकाल लागले की मंगल कार्यालयांतून मार्गदर्शन शिबिरं भरतात. पडद्यावर मेंदूचं रंगीत चित्र येतं. शहरातून आलेले सर सांगतात की मेंदू म्हणजे कॉम्प्युटर, ज्ञान म्हणजे डेटा आणि हात म्हणजे नुसता प्रिंटर. हे आधुनिक मानसशास्त्रानं सिद्ध केलं आहे, असंही वर ठोकून देतात. मागच्या रांगेत कालपर्यंत डवरणी करत असलेली माणसं बसलेली असतात. आपले हात प्रिंटर आहेत, हे ती निमूट ऐकतात आणि क्लासच्या फीचा पहिला हप्ता भरतात.

हे मत एकट्या क्लासवाल्यांचं असतं तर सोडून दिलं असतं. पण शाळेतले गुरुजी, पंचायत समितीतले साहेब, शिकून पुण्याला गेलेला भाचा, सगळे याच सुरात बोलतात. त्यांच्या बोलण्याचा अर्क काढला तर चार विधानं निघतात. एक, हाताचं काम ही सवय असते, तिथं विचार लागत नाही. दोन, खरी बुद्धी परीक्षेत दिसते. बाजारातली हुशारी ही चलाखी. तीन, हातातून शिकवण्याचा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात होऊन फसला, म्हणजे कल्पनाच खुळी. आणि चार, हातकामाचं कौतुक म्हणजे गरिबाच्या पोराला गरिबीतच ठेवायचा डाव. चारही विधानं मोठ्या आत्मविश्वासानं केली जातात. त्यांतलं एकेक घेऊ.

हातकाम म्हणजे सवय, हे मानसशास्त्रानं सिद्ध केलं म्हणतात. कोणत्या मानसशास्त्रानं, कधी? मन विचार कसा करतं, लक्ष कसं देतं, आठवण कशी ठेवतं याचा अभ्यास करणाऱ्या शाखेला बोधनिक मानसशास्त्र म्हणतात. साक्ष तिचीच काढली जाते. तर मग तिचा इतिहास एकदा उघडून बघा. त्यात पानोपानी माणसाचे हात दिसतील.

1868 साली हॉलंडच्या युट्रेक्ट गावी डोंडर्स नावाच्या शरीरशास्त्रज्ञानं आपले प्रयोग छापले. माणसाच्या पायाला विजेचा हलका झटका द्यायचा आणि त्याच बाजूचा हात हलवायला सांगायचं. झटका कोणत्या पायाला बसणार हे आधीच माहीत असलं तर हात लवकर हलतो, माहीत नसलं तर उशिरा. फरक निघाला साधारण सेकंदाच्या पंधराव्या भागाइतका. डावं की उजवं हे ठरवायला मनाला लागलेला हा वेळ. विचार मोजता येतो हे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी हा एक, आणि त्यातलं माप हाताच्या हालचालीवरून निघालं होतं. वुंटनं लाइपझिगला 1879 साली मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, ती यानंतर.

पुढं 1897 आणि 1899 साली ब्रायन आणि हार्टर या दोन अमेरिकनांनी तारमास्तरांचा अभ्यास केला. तारेची कटकट शिकणारा माणूस आधी एकेक अक्षर पकडतो, मग अख्खा शब्द, मग शब्दांचे झुपके. मध्ये आठवडेच्या आठवडे प्रगती थांबल्यासारखी वाटते आणि मग अचानक झेप येते. कामगार कसा शिकतो, हे पाहताना मन माहितीचे गठ्ठे कसे बांधतं, हे त्यांना सापडलं. जॉर्ज मिलरनं 1956 साली तात्पुरत्या स्मृतीत सातच्या आसपास गोष्टी मावतात असं लिहिलं आणि गठ्ठे बांधून ही मर्यादा कशी ओलांडता येते ते सांगितलं. तेव्हा उदाहरण म्हणून त्यालाही तारमास्तरच आठवला.

मधल्या काळात मात्र एक पंथ जोरात होता. 1913 साली वॉटसननं मनालाच मानसशास्त्रातून हाकललं. दिसेल तेवढं वागणं मोजा, आत काय चालतं ते विचारू नका, असा त्याचा हुकूम. या पंथाच्या लेखी माणसाचं कौशल्य म्हणजे सवयींची साखळी: एक हालचाल झाली की तिच्या धक्क्यानं पुढची. आमच्या शिबिरातले सर आज बोलतात ते हेच. या मताचा धुव्वा कोणी उडवला? कार्ल लॅशली नावाच्या संशोधकानं, 1948 साली पासाडेनाच्या परिषदेत वाचलेल्या आणि 1951 साली छापलेल्या निबंधात. त्याचा पुरावा साधा होता. पियानो वाजवणाऱ्याची बोटं सेकंदाला सोळा वेळा पडू शकतात. एका बोटाची खबर मेंदूपर्यंत जाऊन पुढच्या बोटाला हुकूम यावा, एवढी सवडच तिथं नसते. म्हणजे पुढच्या सगळ्या हालचालींचा आराखडा आधीच तयार असला पाहिजे. हाताच्या कामात योजना असते, क्रम असतो, जवळजवळ व्याकरण असतं. बोधनिक मानसशास्त्राच्या पायातला हा एक मोठा दगड. ज्या शास्त्राची साक्ष काढून हाताला बेअक्कल ठरवता, ते शास्त्र तुमच्याच विधानाला खोटं पाडत उभं राहिलं, हे कोणी सांगायचं?

दुसऱ्या महायुद्धातही हे शास्त्र काम करणाऱ्या माणसांकडूनच शिकलं. केंब्रिजला 1944 साली उपयोजित मानसशास्त्राचं केंद्र निघालं, केनेथ क्रेक त्याचा पहिला प्रमुख. तिथं अभ्यास झाला तो तोफेचा नेम धरणाऱ्यांचा, विमान चालवणाऱ्यांचा, रडारसमोर बसणाऱ्यांचा. मॅकवर्थनं दाखवून दिलं की पडद्याकडे टक लावून बसलेल्या माणसाची नजर पहिल्या अर्ध्या तासातच चुका करू लागते. 1958 साली ब्रॉडबेंटनं लक्ष देण्याच्या क्रियेवर पुस्तक लिहिलं, तेही याच मातीतलं. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत पोरांना बाकावर बसवणाऱ्यांनी मानसशास्त्राचं नाव घेण्याआधी मॅकवर्थचं नाव ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

आता त्या लाडक्या कॉम्प्युटरचं. 11 सप्टेंबर 1956 रोजी एमआयटीत झालेल्या बैठकीत न्यूएल आणि सायमन यांनी तर्क करणारा संगणकी कार्यक्रम मांडला, चॉम्स्कीनं भाषेवर आणि मिलरनं स्मृतीवर निबंध वाचले. मिलर पुढं याच दिवसाला या शाखेचा जन्मदिवस मानायचा. कॉम्प्युटरची उपमा तेव्हा कामाची होती, कारण तिनं वॉटसनच्या पंथाला विचारलं की यंत्राच्या आतल्या प्रक्रियेबद्दल बोलता येतं, तर माणसाच्या का नाही? 1967 साली उल्रिक नाइसरनं ‘कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी’ हे पुस्तक लिहिलं आणि शाखेला नाव मिळालं. शिबिरवाल्यांची गाडी इथंच येऊन थांबते. पण याच नाइसरनं 1976 साली दुसरं पुस्तक लिहून आपल्याच भाऊबंदांना झापलं की प्रयोगशाळेत बटणं दाबायला लावून तुम्ही जे मोजता त्याचा माणसाच्या रोजच्या जगण्याशी संबंध उरलेला नाही. ज्यानं घराला नाव दिलं तोच खिडक्या उघडा म्हणून ओरडत होता. हे 1976 साली झालं. आमच्या मंगल कार्यालयात अजून 1967 चालू आहे.

दुसरं विधान: खरी बुद्धी परीक्षेत दिसते. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातल्या रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच पोरांवरचा अभ्यास 1985 साली प्रसिद्ध झाला. संशोधक गिऱ्हाईक होऊन गेले आणि नारळाचा, कलिंगडाचा हिशोब विचारला. पोरांची 98 टक्के उत्तरं बरोबर आली. मग तेच हिशोब कागदावर नुसत्या आकड्यांत घातले, तर 37 टक्केच बरोबर. पोरं तीच, आकडे तेच. मग बुद्धी गेली कुठं? नारळाच्या गाडीवर होती आणि कागदावर संपली? की कागदालाच ती ओळखता आली नाही?

अमेरिकेत सिल्व्हिया स्क्रिब्नरनं डेअरीत दुधाचे क्रेट भरणाऱ्या कामगारांचा अभ्यास केला. कागदावर एका क्रेटमधून सहा बाटल्या कमी असं लिहिलेलं असलं, तरी समोर अर्धवट भरलेला क्रेट दिसला की माणूस हिशोब मनातल्या मनात फिरवायचा आणि कमीत कमी बाटल्या उचलून मागणी पुरी करायचा. हेच काम कारकुनांना आणि विद्यार्थ्यांना दिलं तर ते अनेकदा कागदावर लिहिलं तसंच ओझी उचलत राहिले. सवयीचा गुलाम यातला कोण?

इतक्या लांब कशाला जायचं? कापसाच्या हंगामात बाजारात उभे राहा. गाडी लागली की जाणता खरेदीदार वरच्या कापसाला हात लावत नाही, तो उन्हानं सुकलेला असतो. हात कोपरापर्यंत आत घालून तो खालची मूठ काढतो. ती दाबून सोडतो आणि किती फुलून येते ते बघतो. ओलावा 8 टक्क्यांच्या आसपास हवा, 12 च्या वर गेला तर माल परत, आणि मीटर आला असला तरी हात आधी जातो. मग सरकी दाताखाली धरून फोडतो. दोन्ही अंगठ्यांनी चिमूटभर रुई ओढतो, एकावर एक ठेवतो, पुन्हा ओढतो, तंतू सरळ झाले की लांबी नजरेनं मोजतो. कवडी किती, पानकाडी किती हे तोवर त्यानं हेरलेलं असतं. भाव सांगायला त्याला मिनिटही लागत नाही. चेस आणि सायमन यांनी 1973 साली बुद्धिबळातल्या उस्तादांबद्दल हेच दाखवलं: खऱ्या डावातल्या सोंगट्या त्यांना एका नजरेत आठवतात, वाटेल तशा मांडल्या तर नवशिक्यापेक्षा फारसं जास्त आठवत नाही. त्यांची स्मृती अचाट नसते, वर्षांच्या सरावानं डोळ्याला आकार दिसू लागलेले असतात. बुद्धिबळपटू प्रतिभावान आणि कापूस पारखणारा अडाणी, हा निवाडा कोणत्या प्रयोगशाळेत झाला?

इथं कोणी म्हणेल, मग शाळा बंद करून सगळ्यांना बाजारात बसवा. नाही. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा मोठा अभ्यास 2025 साली ‘नेचर’मध्ये आला. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्याच्या लेखकांत आहेत. बाजारातली मुलं अवघड व्यवहार तोंडी सोडवतात आणि शाळेच्या पद्धतीनं मांडलेल्या सोप्या गणितात अडतात. आणि शाळेतली मुलं? ती कागदावर बरी आणि बाजारातल्या हिशोबात गोंधळलेली. हात आणि पुस्तक यांच्यात पूल आपोआप बांधला जात नाही, तो शिक्षकाला बांधावा लागतो. पूल नाही म्हणून नदीच्या एका काठाला शहाणपण नाही असं म्हणणं हा मात्र निव्वळ उद्दामपणा.

हा पूल बांधायची खटपट सेलूहून एसटीनं तासाभरात पोचता येईल अशा ठिकाणी झाली. इथंच तिसरं विधान येतं. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. झाकीर हुसेन यांच्या समितीनं डिसेंबरात अहवाल दिला, फेब्रुवारी 1938 मध्ये हरिपुरा काँग्रेसनं तो उचलला, हिंदुस्थानी तालीमी संघ निघाला आणि आर्यनायकम व आशादेवी या दांपत्यानं सेवाग्रामात ते काम चालवलं. समितीनं हस्तोद्योगाच्या बाजूनं दिलेल्या कारणांत मानसशास्त्रीय कारणही होतं: नुसत्या पुस्तकी शिकवणुकीच्या जाचातून मूल सुटतं आणि शरीर व बुद्धी यांचा मेळ बसतो. हे 1937 साली. अमेरिकेत तेव्हा उंदीर बटण दाबतो कसा, यावर प्रबंध लिहिले जात होते.

‘म्हणजे चरखाच ना?’ असं विचारून हसणाऱ्यांनी एक सुताची गुंडी हातात घेऊन पाहावी. चार फुटांची एक तार, 160 तारांची एक लटी, चार लट्यांची म्हणजे 640 तारांची एक गुंडी. अशा गुंड्या एका पौंडात जितक्या बसतील तितका साधारण सुताचा अंक. म्हणजे अंक वाढला की सूत जाड होत नाही, बारीक होतं. तितक्याच वजनाच्या पेळूतून जास्त लांबी निघाली, एवढाच त्याचा अर्थ. दहा वर्षांच्या मुलाला हे फळ्यावर सांगा, ते मान हलवेल आणि विसरेल. पण स्वतः कातलेल्या दोन गुंड्या तराजूत टाकल्या आणि हलकी निघालेली गुंडी मोठ्या अंकाची ठरली, की व्यस्त प्रमाण त्याच्या बोटांत शिरतं. याला वर्ध्याच्या या शिक्षणपद्धतीत, म्हणजे नई तालीममध्ये, समवाय म्हणत. उद्योग वेगळा आणि गणित वेगळं नाही. गणित उद्योगातूनच उकलून दाखवायचं. स्वतः केलेली कृती ऐकलेल्या वाक्यापेक्षा पक्की आठवते, हे 1980 नंतर मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांनी दाखवलं.

फसला का प्रयोग? सरकारी शाळांत फसला, आणि कसा फसला तेही बघा. समवाय साधायचा तर शिक्षकाला उद्योगही यायला हवा आणि विषयही. असे शिक्षक घडवायला वेळ, पैसा आणि मान लागतो, तिन्हींची वानवा. कताईचा तास एकीकडे, गणिताचा तास दुसरीकडे, आणि किती सूत निघालं याची नोंद तिसऱ्याच वहीत. कोठारी आयोगानं 1966 साली कार्यानुभव सुचवला. त्याचं आपण काय केलं, ते प्रत्येक घराला ठाऊक आहे: आदल्या रात्री आईनं बनवलेली कागदाची फुलं आणि दुकानातून आणलेली फाईल. 2020 च्या राष्ट्रीय धोरणानं सहावी ते आठवीच्या मुलांना दप्तराविना 10 दिवस देऊ केले आहेत. फक्त दहा! चरखा ठेवला आणि समवाय फेकून दिला, तर दोष समवायाचा कसा? बरं, कल्पनाच मेली म्हणावं तर सेवाग्रामच्या आवारात 2005 पासून आनंद निकेतन शाळा चालू आहे. मुलं शेतात, स्वयंपाकघरात आणि सुतापाशी शिकताहेत. शिबिराला जाताना रस्त्यात लागते. कधी उतरून बघितली?

चौथं विधान सर्वांत जड आहे, आणि ते करणाऱ्यांत असे लोक आहेत ज्यांच्या आज्या-पणज्यांना पाटीला हात लावू दिला नव्हता. ते विचारतात, पिढ्यान्‌पिढ्या विळा-खुरपं आमच्याच हातात होतं, आता पुस्तक आलं तर तुम्ही पुन्हा खुरप्याचे गोडवे गाता? प्रश्न रास्त आहे. झाकीर हुसेन समितीनं साडेपाच तासांच्या शाळेत 3 तास 20 मिनिटं उद्योगाला दिली होती, ती मलाही जास्त वाटतात. पण रागाचा रोख चुकतो आहे. हात एका जातीचे आणि डोकं दुसऱ्या जातीचं, ही वाटणी कोणी केली? जातीनंच ना? मग हातात बुद्धी नसते असं म्हणणारा माणूस जात मोडतो आहे की तिचीच जुनी पोथी नव्या पडद्यावर वाचतो आहे? समितीच्या अभ्यासक्रमात मातृभाषा होती, गणित होतं, विज्ञान, सामाजिक अभ्यास, संगीत, चित्रकला होती. सात वर्षांचं सक्तीचं, मोफत शिक्षण होतं. आणि हस्तोद्योग सावकाराच्या पोरालाही होता, मजुराच्या पोरालाही. मजुराच्या पोराला एकट्याला खुरपं देणं हा डाव. डॉक्टर होऊ घातलेल्या पोरीला चार वर्षं कशालाही हात न लावता पर्याय अ, ब, क, ड यांत कोंडणं हाही डावच, फक्त त्याची फी जास्त.

आणि आता एक गंमत. ज्या गुणाला आपण अस्सल बुद्धी म्हणून पुजलं, तो यंत्राला आधी जमला. 1997 साली कॉम्प्युटरनं कास्पारोव्हला बुद्धिबळात हरवलं. आज परीक्षेतले अ, ब, क, ड मोबाईल क्षणात सोडवतो. पण ओली-सुकी, उंच-ठेंगणी, अर्धवट उमललेली बोंडं असलेल्या पराटीतून पान न चिकटू देता कापूस वेचायला सेलूच्या वावरात आजही बायांचे हातच लागतात. पोक्त माणसासारखा तर्क यंत्राला शिकवणं सोपं आणि वर्षाच्या मुलासारखी हालचाल शिकवणं महाकठीण, हे हान्स मोराव्हेकनं 1988 सालीच लिहून ठेवलं आहे. प्रिंटर म्हणून ज्याला हिणवलं, त्याच्यापुढं कॉम्प्युटर अजून थकलेला आहे.

तेव्हा निकाल सरळ आहे. हाताला बुद्धी नसते, हे मत शास्त्राचं नाही. शास्त्रानं ते 1951 सालीच मोडीत काढलं आहे. वेचणाऱ्या बाईची मजुरी तुटपुंजी आहे, हा बाजाराचा आणि धोरणाचा दोष; तो तिच्या मेंदूच्या माथी मारू नका. पालकांना एवढंच सांगणं आहे: पोरगी डॉक्टर व्हावी, जरूर व्हावी, त्यासाठी कर्जही काढा. पण पुढच्या शिबिरात पडद्यावर मेंदूचं चित्र आलं आणि हात म्हणजे प्रिंटर असं कोणी म्हणालं, तर फी भरण्याआधी उभं राहून विचारा: हे कोणत्या प्रयोगात सिद्ध झालं, कोणी केला, आणि कोणत्या साली? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.